मोत माऊलीला चालत, आणि डावा की उजवा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तर मोत माऊलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, चालत जाईन असं बोलून बसलो होतो. बोललो मी, पण सोबत निघाली मावशी, वय 64, पायात साधी स्लीपर, आणि मी मात्र नवेकोरे शूज घालून (घालू नका कधी). जत्रेच्या आठवड्यातला शनिवार, रात्री साडेअकराला बोरिवलीहून निघालो, एस. व्ही. रोड धरून थेट वांद्रे. मालाडपर्यंत मजा, गोरेगावला पाऊस, जोगेश्वरीला टाचेला फोड.

मावशीची रोझरी (जपमाळ) चालूच, मधेच थांबून गोष्टी. कोळ्याची गोष्ट तर तिने अशी सांगितली की जणू जाळं तीच ओढत होती. कोळ्याला स्वप्न पडलं समुद्रात मूर्ती सापडेल म्हणून, आणि सापडली, तरंगत. त्याआधी म्हणे 1700 साली अरबी चाचे आले, मूर्तीच्या हातात काहीतरी सोन्याचं चमकतंय बघून उजवा हातच कापून नेला. पुढे 1760 मध्ये चर्च नव्याने बांधलं, आताची इमारत मात्र 1904 ची. मोत म्हणजे माउंट की मोती, यावर आमचं अंधेरी येईपर्यंत भांडण. मावशी मोतीवाली.

मी जरा शहाणपणा केला, म्हटलं मावशी, मेरीच्या ज्या वाढदिवसाची ही जत्रा तो 8 सप्टेंबर बायबलमध्ये कुठेच नाही, तिच्या आईबापाची नावं हन्ना आणि योआकिम, तीसुद्धा नाहीत, ती दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातून आली. मावशी म्हणाली, "मग काय ती आईबापाशिवाय जन्मली?" संपला विषय.

पण खरंच, बायबलमधल्या शुभवर्तमानांत ती बोलते किती कमी. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तर मुलाला, येशूला, सांगते, मग नोकरांना सांगते हा सांगेल ते करा, बस. आणि लूकच्या शुभवर्तमानात तिचं ते गाणं, अधिपतींना आसनावरून ओढून काढणाऱ्या देवाचं. जी हे गाते तिलाच आपण मुकुट घालून राणी करून बसवलं, हे मला जरा खटकतंच. मला तरी हात कापलेली, पाण्यातून आलेली तीच जवळची वाटते, कोळ्यांनाही बहुतेक तशीच.

पहाटे टेकडीच्या रस्त्याला स्टॉल. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं, ज्याचं जे मागणं ते. मी पाय उचलला तर मावशी विचारते, डावा आहे का उजवा? दुकानदाराने दोन्ही फिरवून बघितले आणि म्हणाला साचा एकच आहे. मावशीला ते पटेना, शेवटी दोन घेतले. मेणबत्त्या वेगळ्या.

आत गर्दी एवढी की मूर्तीसमोर चार सेकंद मिळाले असतील. मला तो हात बघायचा होता, पण सोनेरी झगा, मुकुट, हार, मागून धक्का, "चला पुढे चला". काही दिसलं नाही. मेणाचे पाय ठेवले आणि बाहेर.

पायरीवर बसून शूज काढत होतो तेवढ्यात आईचा फोन. पहिला प्रश्न, "डावाच वाहिलास ना रे?"

मावशीने फोन हिसकावून घेतला.