शलगमापासून सुरुवात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला फारसी येतं हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आम्हालाही ते कवी वाचायचेत हो, भाषांतरातून का होईना. रूमीपासून सुरुवात करू ना?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, गाडीत विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, माझं तोंड उघडं असताना. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता बोलते. रूमी नको. सादी घ्या, आणि सादीचंही 'गुलिस्ताँ', त्याचं छोट्या छोट्या गोष्टींचं पुस्तक.

रूमीवर माझा राग नाही. पण रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली तुमच्या फोनवर येतो तो रूमी फार धुऊन-पुसून आलेला असतो. कोन्यातल्या मदरशात शिकवणारा, ओळीओळीत कुराणाचा संदर्भ देणारा मौलाना त्यातून पार गायब. त्याची मसनवी, म्हणजे त्याचं दीर्घकाव्य, पंचवीस हजारांवर बैतांची (दोन-दोन ओळींच्या कडव्यांची) आहे. पोहायला शिकायला कोणी थेट भर समुद्रात उडी घेत नाही.

मी स्वतः या भाषेकडे आले ती कवितेसाठी नव्हे, कागदांसाठी. जुनी फर्मानं वाचता यावीत एवढीच हौस. आमचे सर म्हणाले, फर्मान नंतर, आधी गुलिस्ताँ. मकतबातली पोरं शतकानुशतकं यावरच शिकली, कंपनी सरकारचे साहेब लोकही यावरच शिकले, तुम्ही काय वेगळ्या लागून गेलात?

पहिल्याच आठवड्यात नावेची गोष्ट आली. बादशहा नावेत बसलाय, सोबत एक गुलाम. गुलामानं दर्या कधी पाहिलेला नाही, 'मेहनत-ए-कश्ती' कधी सोसलेली नाही. मी धाडकन अर्थ सांगितला: नाव वल्हवायचे कष्ट. सर हसले. मेहनत म्हणजे यातना, हाल. आपण मराठीत तो शब्द घामाच्या कामाला लावून मोकळे झालो. फारसी शिकणाऱ्या मराठी माणसाची हीच गंमत आहे आणि हीच फजिती. पादशाह, गुलाम, दरिया, कदर, गिरफ्तार, सगळे ओळखीचे चेहरे, पण एखादा मधेच तुम्हाला ओळख देत नाही. तेव्हापासून माधव जूलियनांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश मी हाताशी ठेवते.

तर, गुलाम रडून गोंधळ घालतो, बादशहाची सहल नासते. नावेतला एक शहाणा म्हणतो, हुकूम असेल तर गप्प करतो. तो गुलामाला सरळ पाण्यात टाकायला लावतो. चार गटांगळ्या खाऊ देतात, मग केसाला धरून ओढतात. गुलाम दोन्ही हातांनी सुकाणूला लटकतो, वर येतो आणि कोपऱ्यात चिडीचूप बसतो. बुडणं म्हणजे काय ते कळल्याशिवाय नाव काय चीज आहे हे त्याला कळलं नव्हतं, एवढं सांगून सादी पुढे जातो. मला त्या शहाण्याचा अजूनही थोडा राग येतो. सादीला असला राग चालतो, म्हणून तो मला आवडतो.

हा इराणातल्या शिराझचा. शिकला बगदादच्या निझामिया मदरशात. 'बुस्ताँ' हे त्याचं दुसरं पुस्तक त्यानं १२५७ साली पुरं केलं आणि 'गुलिस्ताँ' १२५८ साली. त्याच १२५८ च्या फेब्रुवारीत हुलागूच्या मंगोलांनी बगदाद लुटलं, खलिफाला मारलं. सादीनं त्या खलिफावर विलापिका लिहिली. आणि गुलिस्ताँच्या प्रस्तावनेत काय आहे? वसंत ऋतू, एक बाग, घरी न्यायला पदरात फुलं गोळा करणारा मित्र. सादी त्याला म्हणतो, ही फुलं पाच-सहा दिवस टिकतील, मी अशी बाग लिहितो की जिला पानगळ लागणार नाही. मित्र फुलं टाकून सादीचाच पदर धरतो. ही प्रस्तावना मी बरेच दिवस नुसती गोड म्हणून वाचत होते. साल नंतर लक्षात आलं.

आता शलगमाकडे, म्हणजे टर्निपच्या कंदाकडे येते. 'माझ्याकडे बूट नव्हते म्हणून रडत होतो, तेवढ्यात पाय नसलेला माणूस दिसला', हा निरोप तुम्हालाही आलेला असणार. तो सादीचा आहे, गुलिस्ताँच्या तिसऱ्या प्रकरणातला. पायात काही नाही, विकत घ्यायची ऐपत नाही, अशा अवस्थेत तो खिन्न होऊन कूफ्याच्या मशिदीत शिरतो. तिथे पाय नसलेला माणूस दिसतो आणि तो देवाचे आभार मानून अनवाणीपण सोसतो. फोनवरचा निरोप इथे संपतो. सादी मात्र लगेच स्वयंपाकघरात शिरतो: पोट भरलेल्याच्या डोळ्यांना भाजलेली कोंबडी थाळीतल्या पालेभाजीहूनही हलकी, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला 'शलगम-ए-पुख्ता मुर्ग-ए-बिरियान अस्त', शिजवलेला शलगम हीच भाजलेली कोंबडी. (हो, बिरयानीतलं बिरियान तेच.) मी भाषांतरात शलगमाच्या जागी शिळी भाकरी घातली होती, मराठी वाटावं म्हणून. सरांनी लाल शाईनं खोडली. म्हणाले, त्यानं शलगम खाल्लाय, तुम्ही भाकरी कशाला वाढता?

खरं-खोटं विचाराल तर सादीनं आपलं धोरण पहिल्याच गोष्टीत जाहीर केलंय. देहदंड ठोठावलेला कैदी राजाला आपल्या भाषेत शिव्या देतो. राजा विचारतो, काय म्हणतोय? भला वजीर सांगतो, क्षमा करणाऱ्यांची स्तुती करतोय. दुसरा वजीर चुगली करतो. राजा म्हणतो, तुझ्या खऱ्यापेक्षा याचं खोटं मला आवडलं. फितना, म्हणजे तंटा, माजवणाऱ्या 'रास्त'पेक्षा 'मसलहत', म्हणजे भलं, साधणारं खोटं बरं. रास्त भावाच्या दुकानातलं रास्त ते हेच, आणि आपली मसलत आली ती मसलहतवरूनच.

स्वतःच्या आयुष्याबद्दलही त्यानं हेच धोरण ठेवलं असावं. बुस्ताँमध्ये तो चक्क सोमनाथला येऊन जातो. हस्तिदंती मूर्ती रोज पहाटे हात वर करते, हा म्हणे मागे जाऊन बघतो तर पडद्याआड दोरी ओढणारा माणूस. पण त्याच्या सोमनाथातले पुजारी अग्निपूजक आहेत आणि एकाला तर तो ख्रिस्ती धर्मगुरूची पदवी देतो! सोमनाथ पाहिलेला माणूस असं लिहील का? त्रिपोलीची गोष्टही तशीच. फ्रँकांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, कैदेत माती खणत असताना हलबचा (अलेप्पोचा) एक ओळखीचा दहा दिनार भरून त्याला सोडवतो आणि शंभर दिनारांच्या मेहरावर आपली मुलगी गळ्यात बांधते... बांधतो म्हणायला हवं, पण पुढे जाच मुलीचाच. तुला माझ्या बापानं दहा दिनारांत सोडवलं ना, असं ती टोचते. हा म्हणतो, हो, दहात सोडवलं आणि शंभरात तुझ्या हाती बांधून दिलं.

सादी अंगवळणी पडला की मग त्याच गावचा हाफिज, शंभरेक वर्षांनंतरचा. हाफिजात माझा एक सल आहे. बहमनी सुलतान दुसऱ्या मुहम्मदशहानं त्याला दख्खनमध्ये बोलावलं होतं. तेव्हा राजधानी गुलबर्गा, म्हणजे सोलापूरच्या शेजारीच. हे सांगतो फिरिश्ता. तो स्वतः लहानपणी इराणातून अहमदनगरला आलेला आणि पुढे विजापूर दरबारी इतिहास लिहिणारा. वाटखर्चाला आलेले पैसे हाफिजानं घरच्यांवर आणि वाटेत भेटलेल्या एका लुटल्या गेलेल्या मित्रावर उधळले. मग व्यापाऱ्यांच्या मदतीनं होर्मुझ बंदर गाठलं, जहाजावर चढला. तेवढ्यात वादळ उठलं. कोणाचा तरी निरोप घ्यायचा राहिलाय असं सांगून तो उतरला तो उतरलाच. जहाजासोबत गझल तेवढी पाठवली. तिच्यात प्रत्येक शेराच्या शेवटी 'नमी‌अर्ज़द', त्या मोलाचं नाही, असं येतं. नफ्याच्या आशेनं दर्याचं दुःख आधी किती सोपं वाटलं, चुकलो, शंभर मोती दिले तरी हे तुफान त्या मोलाचं नाही.

सादीचा गुलाम आठवला ना? मेहनत-ए-कश्ती.

बाकी फिर्दौसी आणि खय्याम नंतर, घाई नाही. खय्यामच्या रुबाया माधव जूलियनांनीच मराठीत आणल्यात. फिर्दौसीचं शाहनामा पन्नासेक हजार बैतांचं आहे, एकट्यानं मनात वाचू नका, कोणाला तरी समोर बसवून मोठ्यानं वाचा.

त्या दाताच्या डॉक्टरांना मी पुढच्या खेपेला गुलिस्ताँच्या तिसऱ्या प्रकरणातल्या चार गोष्टी मराठीत लिहून नेऊन दिल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, वाचलं. छान आहे. एक सांगा, शलगम म्हणजे नवलकोल का हो?"

नाही.