चाकवताच्या चुलतबहिणीला भेटायला, सॅन हसिंटोला

मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन हसिंटो वन्यजीव क्षेत्रात गेलो तेव्हा फसलो. पाणी ओसरलेल्या खाजणासारख्या जमिनीवर गोल्डफील्ड्सची पिवळी फुलं अंथरली होती, फोटो ढीगभर मिळाले. पण जिच्यासाठी गेलो ती सॅन हसिंटो व्हॅली क्राउनस्केल बोटभर रोपांच्या गर्दीत ओळखूच येईना. म्हणून मेअखेर पुन्हा गेलो, सोलापूरहून आलेल्या आईला घेऊन.

ही वर्षायू वनस्पती जगात फक्त कॅलिफोर्नियातल्या पश्चिम रिव्हरसाइड काउंटीत सापडते. 1998 पासून संकटग्रस्त यादीत आहे. पूर आला, तळं भरलं, पाणी हटलं की त्या खारवट मातीत उगवते. नदी कालव्यात बांधली, शेतं नांगरली, कुणी शेणखताचे ढीग ओतले, की तिची जागा गेली.

आई वाकली आणि म्हणाली, “अरे, हा तर चाकवत!” फार चुकली नाही. दोघी एकाच कुळातल्या, पानावर तशीच पांढरी भुकटी. ही भुकटी म्हणजे बारीक फुगे. झाड नकोसं मीठ त्यांत कोंडून ठेवतं. तिने खुडायला हात घातला, तो मी धरला. इथे काडीही तोडायची नाही.

ओळखायचं फळावरून. त्याला कवटाळणाऱ्या दोन पानोळ्या गोलसर फुगतात, वर दाट गाठी. अ‍ॅट्रिप्लेक्स या तिच्याच गटातल्या दुसऱ्या जवळच्या जाती आसपास आहेत, तेव्हा भिंग हवंच. फुलांचा सोहळा हवा असेल तर मार्च, ही हवी असेल तर मे-जून. दोन्ही एका फेरीत साधत नाही.

लँड्स पास, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याचा प्रवेश परवाना, घरूनच काढून न्या. तिथल्या डेव्हिस रोडचा कच्चा भाग पावसानंतर टाळा, तिथली माती टायरला पिठासारखी चिकटते. सावली नाही, रॅटलस्नेक आहेत. बूट घाला, माणशी तीन लिटर पाणी घ्या, अकराच्या आत परत फिरा. खाणं नि पेट्रोल जवळच्या पेरिस गावातच उरका. हो, कॅलिफोर्नियातलं पेरिस. हिवाळ्यात शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा तारखा पाहूनच जा.

परतताना गोठ्यांचा वास गाडीत शिरला. मी काच वर केली, आईने परत खाली घेतली.