केव्हिंग मेळाव्याचं अर्ली बर्ड तिकीट: माझा अनुभव

आंतरराष्ट्रीय केव्हिंग मेळाव्याला, म्हणजे हौसेने गुहांमध्ये उतरणाऱ्यांच्या मेळाव्याला जायचं, असं आमच्या ग्रुपमध्ये बरेच दिवस नुसतंच चाललं होतं. मग आयोजकांची मेल आली. अर्ली बर्ड तिकिटांची विक्री अमुक दिवशी, अमुक वाजता सुरू. सवलतीच्या दरातली तिकिटं मोजकीच, ती संपली की दर वाढणार. ‘जाऊ या ना’ म्हणणारे अर्धेअधिक लोक त्याच संध्याकाळी गप्प झाले. उरलो आम्ही तिघं.

तिकीट मिळालं. पण त्या खटाटोपात जे कळलं ते आधीच सांगून टाकते: सवलत ही किरकोळ गोष्ट आहे. लवकर तिकीट काढायचं ते गुहेत उतरणाऱ्यांच्या यादीत वरचा नंबर लागावा म्हणून.

ज्यांना ह्या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुहाशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय काँग्रेस, म्हणजे परिषद, १९५३ साली पॅरिसला भरली. १९६५ ची काँग्रेस आजच्या स्लोव्हेनियात झाली आणि तिथेच यूआयएस ही गुहाशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आता ही काँग्रेस साधारण चार वर्षांनी भरते. २०१७ ला सिडनीजवळ पेनरिथला होती, २०२५ ला ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंतेला. शिवाय देशोदेशीचे छोटेमोठे मेळावे असतातच. आम्ही निवडला तो असाच मधल्या आकाराचा. दिवसा सभागृहात नव्या शोधांवरची आणि नकाशांवरची भाषणं, बाहेर साहित्याचे स्टॉल, दोरावर चढायच्या शर्यती आणि स्क्वीझ बॉक्स. ही एक लाकडी पेटी. दर फेरीला तिची वरची फळी थोडी खाली सरकवतात आणि स्पर्धक पोटातला सगळा श्वास सोडून तिच्यातून सरपटत जातात. भल्याभल्या मोहिमा करून आलेली माणसं ह्या पेटीपाशी सेंटीमीटरवरून हमरीतुमरीवर येतात.

तर तिकीट. पूर्ण आठवड्याचं, फक्त शनिवार-रविवारचं, एका दिवसाचं, विद्यार्थ्यांचं, आणि सोबत येणाऱ्या पण गुहेत न जाणाऱ्यांचं, असे प्रकार होते. तंबूची जागा आठवड्याच्या तिकिटात धरलेली, बंक बेडचे पैसे वेगळे. हा सगळा तक्ता वाचताना डोळे मिटायला लागतात, पण त्यात एकच ओळ शोधायची असते: गुहेतल्या ट्रिप तिकिटात धरल्या आहेत का? आमच्या बाबतीत नव्हत्या. ट्रिपची नोंदणी काही आठवड्यांनी उघडणार होती, आणि ती आधी पूर्ण आठवड्याचं तिकीट असलेल्यांना, तेही तिकीट ज्या क्रमाने काढलं त्या क्रमाने. ही अट खाली, अगदी बारीक अक्षरांत होती. ती वाचल्यावर आमचा ‘दोन दिवसांचंच काढू, स्वस्तात होईल’ हा विचार जागच्या जागी बारगळला.

ट्रिपला एवढी मारामार का, असं घरच्यांनीही विचारलं. गुहा एवढी लांबलचक, मग आठच जणांना का नेतात? ह्याचं उत्तर दोरात आहे. उभ्या गुहेत सिंगल रोप टेक्निकने, म्हणजे एसआरटीने उतरतात आणि चढतात, आणि दोराच्या एका टप्प्यावर एका वेळी एकच माणूस असतो. खालचा माणूस दोर मोकळा झाल्याची हाक देतो, तेव्हाच वरचा आपला डिसेंडर, म्हणजे उतरायचं साधन, दोरात घालतो. उतरणं झटपट होतं. वेळ खातं ते चढणं. तीसचाळीस मीटरचा टप्पा चढायला एकाला दहा मिनिटं धरली, तर आठ जणांच्या तुकडीतला शेवटचा माणूस खाली तासाहून जास्त उभा. गुहेतलं तापमान साधारण बाहेरच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. उंच डोंगरातल्या गुहेत म्हणजे चारपाच अंश. हवा ओलीचिंब, वरून पाण्याचे थेंब, सूट आतून घामाने ओला. अशात हलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आठाचे बारा केले की थकवा वाढतो तो चढणाऱ्यांचा नव्हे, थांबणाऱ्यांचा. हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक इतकं उतरण्याची, सुरुवात अशा थांबण्यातच होते. म्हणून जाणते आयोजक आकडा वाढवत नाहीत, आणि जे वाढवतात त्यांच्याबरोबर मी तरी जाणार नाही.

त्यात परवानग्यांची भर. काही गुहांना कुलूप असतं आणि किल्ली जमीनमालकाकडे किंवा स्थानिक क्लबकडे. वटवाघळं हिवाळ्यात सुप्तावस्थेत असताना किंवा उन्हाळ्यात पिल्लं असताना काही गुहा बंदच ठेवतात. पाऊस आला तर पाण्याच्या गुहांमधल्या ट्रिप ऐनवेळी रद्द होतात आणि ती माणसं दुसऱ्या ट्रिपमध्ये घुसू बघतात. थोडक्यात, मेळाव्याला हजार माणसं आली तरी चांगल्या गुहेत जायला मिळणाऱ्यांची संख्या फारच कमी राहते.

विक्रीच्या आधी मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो रद्द करण्याच्या अटींवर. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नये. कारण ताजं आहे: यूआयएसची अठरावी काँग्रेस २०२१ ला फ्रान्समध्ये व्हायची होती, महामारीमुळे ती २०२२ च्या जुलैत झाली. वर्षभर पुढे! तेव्हा अटींमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या: आपण रद्द केलं तर काय, त्यांनी रद्द केलं तर काय, आणि तारीख पुढे ढकलली तर काय. आमच्या अटींमध्ये पहिल्या दोन होत्या, तिसरीचा पत्ता नव्हता. मी मेल टाकून विचारलं. दोन दिवसांनी सरळ उत्तर आलं: तिकीट आपोआप नव्या तारखेला लागू होईल, नको असल्यास ठरावीक मुदतीत कळवून पैसे परत, त्यातून व्यवहाराचा खर्च वजा. शिवाय तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येईल, पण ट्रिपमधली जागा त्याच्याबरोबर जाणार नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मला आयोजकांबद्दल आदर वाटला. एसआरटी जमणाऱ्याची जागा न जमणाऱ्याला विकली जाऊ नये, ह्याची त्यांनी आधीच सोय केलेली.

विक्रीच्या दिवसाची तयारी म्हटली तर साधी. वेळ यजमान देशाची दिली होती आणि नेमकी त्या आठवड्यात तिथली घड्याळं एक तास पुढे सरकणार होती. आमच्यातला एक जण जुन्या फरकाने हिशेब करून बसला होता. मी यूटीसीवरून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरून मोजलं आणि त्याला फोन केला. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून ठेवले, रोजची मर्यादा वाढवली. तिघांची पासपोर्टवर आहेत तशी नावं, जन्मतारखा, आपत्कालीन संपर्क, विम्याचा क्रमांक, सगळं एका फाइलमध्ये टाइप करून ठेवलं. फॉर्मवर घड्याळ उलटं चालत असतं तेव्हा आडनावाचं स्पेलिंग आठवत बसायला नको.

पान उघडलं, रांगेत टाकलं, रांग सरकायला लागली. मैत्रीण फोनवर होती.

“अगं, माझा नंबर तुझ्याही मागे आहे.”

“असू दे. ज्याचा आधी लागेल त्याने तिघांची काढायची.”

“आणि मग ट्रिपचा क्रम? तिघांना एकच धरतील का?”

हा प्रश्न मी आधीच विचारून ठेवला होता. एका व्यवहारातली तिकिटं एकाच वेळची धरली जात होती. माझा नंबर आला, फॉर्म भरला, आणि पैसे भरायच्या पानावर विचारणा झाली: रक्कम तुमच्या चलनात भरायची की आमच्या? आपल्या चलनातला आकडा बघून बरं वाटतं, पण त्यात रूपांतराचा जो दर लावतात तो बहुधा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. मी त्यांचंच चलन निवडलं. मग ओटीपी. तो यायला एवढा वेळ लागला की आरक्षणाचं घड्याळ शेवटच्या मिनिटावर आलं. पान रिफ्रेश करायचा मोह अनावर होतो अशा वेळी, पण हात बाजूला घेऊन बसायचं. ओटीपी आला, व्यवहार झाला, आणि पुष्टीची मेल मात्र येईना. ती स्पॅममध्ये सापडली. मेलमधला क्रमांक, भरलेली रक्कम आणि वेळ ह्यांचा स्क्रीनशॉट काढून तिघांच्या ग्रुपवर टाकला, कारण पुढे सगळं त्या क्रमांकावर चालणार होतं. व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्रही त्याच क्रमांकावर मागवायचं होतं. ते मी त्याच दिवशी मागितलं; व्हिसाला किती वेळ लागेल ह्यावर आपला काही ताबा नसतो.

काही आठवड्यांनी ट्रिपची नोंदणी उघडली आणि खरी परीक्षा तिथे होती. फॉर्म गुळमुळीत नव्हता. ‘तुम्हाला अनुभव आहे का’ असं विचारून सोडलं नव्हतं. दोर मध्येच भिंतीला पुन्हा बांधलेला असतो तो रीबेले चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा मदतीशिवाय ओलांडता येतो का? डिव्हिएशन, म्हणजे दोर बाजूला ओढून धरलेली जागा? उतरता उतरता मध्येच थांबून चढण्याच्या साधनांवर येता येतं का? आतापर्यंत सलग किती मीटर लटकून चढलात? गेल्या वर्षभरात शेवटचं कधी? आणि ह्यातल्या गोष्टी पाहिलेल्या एखाद्या प्रशिक्षकाचं किंवा क्लबचं पत्र जोडा. अनेकांना हा फॉर्म उद्धट वाटला. मला तो वाचून हायसं वाटलं, कारण शंभर मीटर खाली रीबेलेवर अडकलेल्या अनोळखी माणसाच्या खाली उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

मला आणि आमच्यातल्या त्या घड्याळवाल्याला उभ्या गुहेची ट्रिप मिळाली. मैत्रीण प्रतीक्षायादीत गेली. तिचं पत्र यायला उशीर झाला आणि तेवढ्यात जागा भरल्या. तिने हट्टाने दुसरी कुठली ट्रिप घेतली नाही, फक्त प्रतीक्षायादीतलं नाव कायम ठेवलं आणि पत्र आल्याबरोबर पाठवून दिलं. प्रतीक्षायादीत नुसतं नाव असून भागत नाही, कागद पूर्ण असलेल्यांना आधी बोलावतात. पुढे दोघांनी आपली पत्रं मुदतीत दिली नाहीत, त्यांच्या जागा सुटल्या, त्यातली एक हिला मिळाली.

विम्याचं कामही सोपं नव्हतं. प्रवासविम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये केव्हिंग धोकादायक खेळ म्हणून वगळलेलं असतं, आणि ‘साहसी खेळ समाविष्ट’ लिहिलं असलं तरी खोलीची मर्यादा किंवा ‘गाइडसोबतच’ अशी अट आत दडलेली असते. आम्ही गुहेतल्या बचावकार्याचा खर्च स्पष्ट लिहिलेली पॉलिसी शोधली. तिकिटापेक्षा ह्यालाच जास्त मेल गेल्या.

आता साहित्याची तयारी. अटींमध्ये ‘कपडे आणि साहित्य स्वच्छ, कोरडं, निर्जंतुक’ असं आहे आणि ती नुसती शिस्तीची ओळ नाही. व्हाइट नोज सिंड्रोम हा वटवाघळांचा बुरशीमुळे होणारा रोग उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत दिसला आणि त्यापुढे लाखो वटवाघळं त्यात मेली. त्याची बुरशी चिखल लागलेल्या सुटावरून, बुटांवरून एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते. जे पाण्यात बुडवता येतं ते किमान ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचं, अशी एक रूढ पद्धत आहे. दोर आणि हार्नेसच्या बाबतीत आधी उत्पादकाची सूचना बघायची. आमचे सूट धुऊन वाळत आहेत. मैत्रिणीचे बूट मात्र अजून तसेच आहेत. ट्रिपचे पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि ह्या वेळी ओटीपी माझ्या नाही, तिच्या फोनवर येणार आहे.