दहा हजारांत डेस्क स्पीकर: जोडणी संपली, टेबलाचं काम सुरू

अटी आधीच पक्क्या होत्या. बजेट १०,००० रुपये, कानापासून स्पीकर ६५ सेंटिमीटरवर, आणि गेम व गाणं दोन्ही एकाच जोडीवर.

यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर पहिल्याच फेरीत बाद. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पियर देतो, म्हणजे सगळे मिळून २.५ वॉट. खोक्यावर काहीही छापलेलं असो, आत गेलं त्यापेक्षा जास्त सलग बाहेर येणार नाही. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल वॉटचा फुगवलेला) आकडा वाचूच नये. आरएमएस (सलग मिळणारे वॉट) लिहिलेलं नसेल तर खोकं परत ठेवावं. या वर्गात क्रिएटिव्ह पेबलची रचना चांगली आहे, ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) ४५ अंशांत वर वळवलेले असल्याने आवाज थेट कानाकडे येतो. पण ड्रायव्हर २ इंची. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो. तिथे २ इंची ड्रायव्हरकडून काहीच मिळत नाही. वरच्या स्वरांवरून कान खर्ज ओळखतो, पण त्याचं वजन जाणवत नाही.

स्वस्त २.१ सेटचं (दोन छोटे उपग्रह स्पीकर आणि खालच्या स्वरांचा एक सब-वूफर) दुखणं वेगळं. उपग्रह इतके छोटे की सब-वूफरला १५०-२०० हर्ट्झपर्यंत वर चढावं लागतं. मग पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग आणि डग्गा टेबलाखालून येतात. संगीताला तो सेट घेऊच नये.

सोल्डरिंगची कटकट नको असेल त्यांनी एडिफायर आर१२८०टी (४ इंची वूफर म्हणजे खालच्या स्वरांचा ड्रायव्हर, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस) किंवा प्रीसोनस एरिस ३.५ यांसारखी तयार पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेली) जोडी घ्यावी आणि थेट खाली टेबलाच्या भागाकडे जावं. आमच्या मते मात्र या पैशांत सर्वात जास्त आवाज मिळतो तो जुन्या मिनी हायफायच्या (छोट्या म्युझिक सिस्टिमच्या) ६ ओहम बुकशेल्फ जोडीतून, सोबत टीपीए३११६ चिपचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) बोर्ड. बोर्ड, वायर, बनाना प्लग हे पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं.

जुनी जोडी घेताना मल्टिमीटर सोबत ठेवा. ६ ओहमचा स्पीकर डीसीला साधारण ५ ओहम दाखवतो, आणि दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. कोनच्या (ड्रायव्हरच्या पुढच्या शंकूच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहा. भुगा पडला तर सोडून द्या. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय, आणि ते दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत.

बोर्डाला वीज लॅपटॉपच्या १९ व्होल्ट, ३.४२ ॲम्पियर ॲडॉप्टरवर. ६ ओहमला १२ व्होल्टवर कागदोपत्री कमाल १२ वॉट मिळतात, १९ व्होल्टवर ३० वॉट. इतक्या जवळून रोजच्या ऐकण्याला १ वॉटही पुरतो. उरलेले वॉट लागतात ते गेममधल्या स्फोटाला: १० डेसिबलच्या (डीबी) उसळीला दसपट वॉट.

वायर जोडताना एक गोष्ट डोक्यात ठेवाच. या चिपचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही ऋण टोकांवरही सिग्नल असतो. ती एकमेकांना किंवा ग्राउंडला लावू नका. जुन्या सिस्टिममध्ये सामाईक ऋण वायर असेल तर ती आधी वेगळी करा.

पुढची तक्रार सस्स आवाजाची. बरेच बोर्ड जास्त गेनवर (सिग्नल किती वाढवायचा त्या मापावर) येतात, आणि ६५ सेंटिमीटरवरून ते शांत दृश्यात ऐकू येतं. चिपला २०, २६, ३२, ३६ डीबी असे चार गेन आहेत. २० साठी गेन पिनपासून ग्राउंडला ५.६ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा आणि वरचा, म्हणजे गेन पिनपासून चिपच्या जीव्हीडीडी पिनकडे जाणारा, काढून टाकायचा. पीसीच्या मागच्या हिरव्या जॅकला एवढा गेन पुरेसा होतो.

माउस हलवला की किरकिर, ग्राफिक्स कार्डावर ताण आला की चिरचिर, असं असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप. तपासायला पीसीची वायर काढून ती बॅटरीवरच्या फोनला लावा; आवाज गेला की दोष ॲम्पचा नाही, पीसीच्या बाजूचा आहे हे कळतं. तीन पिनी ॲडॉप्टरचं ऋण टोक बऱ्याचदा अर्थिंगला जोडलेलं असतं, पीसीचंही असतं, आणि ऑडिओ वायरमुळे दोघांचा फेरा पूर्ण होतो. मुळातच दोन पिनी, डबल इन्सुलेशनचा ॲडॉप्टर वापरला की प्रश्न मिटतो. तीन पिनीची अर्थिंगची पिन कापणं जिवावर बेतू शकतं, ते कोणी सुचवलं तरी करू नये. ग्राउंड लूप आयसोलेटरही चालतो, पण स्वस्तातल्याचा ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो आणि खालचे स्वर खातो.

आता टेबल. सर्वात जास्त फरक इथेच पडतो आणि खर्च जवळजवळ शून्य. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा ड्रायव्हर) टेबलापासून १५ सेंटिमीटरवर आणि कान ३५ वर असेल, तर थेट आवाज ६८ सेंटिमीटर चालतो आणि टेबलावर आपटून येणारा ८२. या १४ सेंटिमीटरच्या फरकामुळे दोन लाटा एकमेकींना खोडतात आणि १२०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे नेमका गाण्यातल्या शब्दांच्या स्पष्टतेवर घाव. माउसपॅडचं कापड इतक्या खालच्या स्वराला शोषत नाही. उपाय दोन: स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेला आणा, आणि स्टँडवर उचलून ट्वीटर कानाच्या उंचीला न्या. कडेला आणल्यावर आपटायला पृष्ठभागच उरत नाही. स्पीकरखाली रबराचे पाय हवेत, नाहीतर टेबलाची फळी डग्ग्याबरोबर घुमते.

मागच्या भिंतीवर आपटून येणाऱ्या आवाजाचंही असंच गणित आहे. भिंत ५० सेंटिमीटरवर असली की साधारण १७० हर्ट्झ गायब, २० वर असली की ४३० हर्ट्झच्या आसपास. पोर्ट (पेटीचं हवेचं भोक) मागे असेल तर निदान १० सेंटिमीटर जागा सोडा. दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण हवा. सहसा स्पीकर फार जवळजवळ ठेवलेले असतात, मग गेममधली पावलं डावीकडून आली की उजवीकडून, ते कळत नाही.

गेममध्ये आउटपुट स्टिरिओ ठेवा. व्हॅलोरंट गेममधलं एचआरटीएफ (दोन कानांतल्या फरकावरून आवाजाची दिशा भासवणारी सोय) हेडफोनसाठी आहे. स्पीकरवर डाव्याचा आवाज उजव्या कानातही जातो आणि त्याचा हिशेब बिघडतो. विंडोजमधली एन्हान्समेंट्स बंद. गेमला ब्लूटूथ नको: २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ६० फ्रेमच्या वेगाला १२ फ्रेम मागे.

इक्वलायझर एपीओ (विंडोजवर हवे ते स्वर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर) सध्या फक्त घुमणारा स्वर खाली ओढायला वापरतोय. साइन टोन (एकच शुद्ध स्वर) ६० ते ३०० हर्ट्झ हळूहळू फिरवायचा, जिथे खोली एकदम अंगावर येते तिथे ४-५ डीबी कमी करायचे. खड्डे मात्र भरू नयेत. जिथे लाटा एकमेकींना खोडतात तिथे कितीही वॉट ओतले तरी खड्डा तसाच राहतो आणि वूफर उगाच ताणला जातो.

बाकी आहे ते ७० हर्ट्झखालचं. सब-वूफर घ्यायचा झाला तर वेगळा, ८० हर्ट्झच्या वरचे स्वर कापणारा. त्याआधी जोडी टेबलावरून काढून क्लॅम्पच्या स्टँडवर ऐकून पाहायची आहे.