चार अणूंची रिंग बंद करताना: अझेटिडिनचा माझा अनुभव

आमच्या औषधशोधाच्या प्रोजेक्टमधला रेणू लक्ष्य प्रथिनाला छान चिकटत होता, पण त्यातल्या पिपेरिडिन या सहा अणूंच्या रिंगमुळे तो गरजेपेक्षा जास्त तेलकट झाला होता. यकृतातली एन्झाइम्स त्याचा बघता बघता फडशा पाडायची. म्हणून त्या सहाच्या रिंगच्या जागी अझेटिडिन बसवायचं ठरलं. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन, बस्स. बॅरिसिटिनिब आणि कोबिमेटिनिब या औषधांत हीच रिंग आहे. दोन कार्बन कमी झाल्याने तेलकटपणा उतरतो आणि तिसऱ्या स्थानावरचा, म्हणजे नायट्रोजनसमोरच्या कार्बनवरचा गट ठरावीक दिशेलाच तोंड करून राहतो.

अडतं ते रिंग बंद करताना. या रिंगमध्ये मोलमागे सुमारे २५ किलोकॅलरी ताण असतो. तीनच्या रिंगमध्येही ताण साधारण तेवढाच, पण तिथे साखळीची दोन टोकं मुळातच जवळ असतात. चारच्या वाट्याला ताणही येतो आणि टोकांमधलं अंतरही. त्यामुळे ब्रोमोअमाइनची (एका टोकाला ब्रोमीन, दुसऱ्या टोकाला नायट्रोजन असलेली) साखळी पाचच्या रिंगमध्ये जितक्या वेगाने मिटते, त्याच्या हजारो पटींनी हळू ती चारच्या रिंगमध्ये मिटते.

अझाबायसायक्लोब्युटेन म्हणजे मधला बंध वाटून घेणाऱ्या दोन तीनच्या रिंग. तो ताणलेला मधला बंध अमाइनने (नायट्रोजनयुक्त संयुगाने) उघडण्याची पद्धत रसायनशास्त्रज्ञ फिल बॅरन यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडली. ती मला मनापासून आवडते. पण ते संयुग बनवायला ऑर्गॅनोलिथियम (अतिक्रियाशील लिथियम संयुगं) आणि कडक थंडी लागते. मला आधी भरपूर माल हवा होता, म्हणून मी जुनाच रस्ता धरला: मिथेनॉलमध्ये बेंझहायड्रिलअमाइन आणि एपिक्लोरोहायड्रिन. एपिक्लोरोहायड्रिन कर्करोगाच्या दृष्टीने घातक मानलं जातं, त्यामुळे सगळं काम फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्हज वारंवार बदलत.

आधी अमाइन एपिक्लोरोहायड्रिनमधलं इपॉक्साइड (ऑक्सिजन असलेली तीनची रिंग) उघडतं आणि क्लोरोअल्कोहोल तयार होतं. हे साध्या तापमानालाच होतं, फक्त सवडीने. मग रिफ्लक्स लावला, म्हणजे मिथेनॉल उकळत ठेवलं, की नायट्रोजन आतून क्लोरीनला ढकलतो आणि रिंग मिटते. इथे घाई अजिबात चालत नाही. टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे दाखवणाऱ्या प्लेटवर) क्लोरोअल्कोहोलचा ठिपका दिवसेंदिवस रेंगाळतो. नायट्रोजनवरच्या बेंझहायड्रिल या गटाचा खरा उपयोग याच टप्प्यावर कळतो. तो इतका अवाढव्य आहे की दुसरा एपिक्लोरोहायड्रिन नायट्रोजनजवळ फिरकत नाही, त्यामुळे आतल्या हल्ल्याला पुरेसा वेळ मिळतो. शेवटी मिथेनॉल काढून ॲसिटोन घातलं आणि हायड्रोक्लोराइडचे पांढरे स्फटिक खाली बसले. शुद्धीकरणासाठी कॉलमची गरजच पडली नाही!

पुढे पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन देऊन बेंझहायड्रिल काढला आणि त्याच भांड्यात बॉक अनहायड्राइड टाकलं, म्हणजे नायट्रोजनवर बॉक हा तात्पुरता संरक्षक गट बसतो. उघडं, लहान अमाइन वेगळं काढायच्या भानगडीत पडू नये. ते पाण्यात जातं आणि सहजासहजी परत येत नाही. गाळताना सेलाइटवरचा (गाळणीच्या पावडरवरचा) पॅलेडियम कोरडा पडू द्यायचा नाही, हवेत तो पेट घेतो. सुटलेलं डायफेनिलमिथेन हेक्सेनने कॉलमवरून आधीच निघून जातं. त्यानंतर यूव्हीखाली प्लेट कोरी दिसते. घाबरायचं कारण नाही, बॉक-अझेटिडिनॉलमध्ये यूव्ही शोषणारं काही उरलेलंच नसतं. प्लेट परमँगनेटमध्ये बुडवून गरम केली की जांभळ्यावर पिवळा ठिपका उमटतो.

मग अल्कोहोलचं कीटोन केलं. या सगळ्या प्रवासातला माझा सर्वांत लाडका एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणारा आलेख) इथला आहे. अल्कोहोलमध्ये रिंगचे प्रोटॉन तीन ठिकाणी विखुरलेले असतात. कीटोनमध्ये ४.७ पीपीएमच्या आसपास चार प्रोटॉनचा एकच स्वच्छ सिंगलेट (न फुटलेलं एकच शिखर) आणि १.५ जवळ बॉकचे नऊ. एवढंच. हा कीटोन हाती आला की खऱ्या अर्थाने मोकळीक मिळते. रिडक्टिव्ह अमिनेशन या अभिक्रियेने हवं ते अमाइन तिसऱ्या स्थानावर लावता येतं, ग्रिन्यार्ड या मॅग्नेशियम संयुगाने कार्बन जोडता येतो, आणि एकाच बाटलीतून रेणूंची अख्खी मालिका निघते.

आम्ही पहिल्या खेपेला साधी दुय्यम अमाइन्स घेतली, बॉक काढून प्रत्येकाचं हायड्रोक्लोराइड मीठ केलं आणि मूळ सांगाड्याला जोडून यकृतातल्या मायक्रोसोमच्या (एन्झाइम्स असलेल्या पेशीकणांच्या) चाचणीला पाठवलं. आता नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर मिथाइल लावलेली मालिका सुरू आहे. तिला हा रस्ता चालत नाही, तिथे अझाबायसायक्लोब्युटेनच बनवावं लागेल का, ते तपासतो आहे.