तिथे नेट येतं का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे विचारणारे तुम्ही एकटेच नाही. पुण्याची मावशी विचारते, ठाण्याचे चुलतभाऊ विचारतात, ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्याच मीटिंगला विचारतो. गणपतीला मुंबईहून उतरणारा पाहुणा तर पायांवर पाणी घ्यायच्या आधी विचारतो, "तिथे नेट येतं का हो?"

२०२० च्या टाळेबंदीत मी 'पंधरा दिवसांसाठी' वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या घरी आले, ती आलेच. काम पुण्याच्या एका कंपनीचं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचं. चुका काढून पगार मिळतो हे आईला अजून पटलेलं नाही, कारण ती हे काम आयुष्यभर फुकट करत आली आहे.

तर उत्तर असं की येतं. प्रश्नातलं क्रियापद तुम्ही अगदी बरोबर निवडता. तुमच्याकडे नेट असतं, आमच्याकडे ते येतं. पाऊस येतो, एसटी येते, माहेरवाशीण येते, तसं. आणि आलेल्याला जायची मुभा असते.

आमच्या घरापर्यंतचा त्याचा रस्ता सांगते. डांबरी रस्त्यापर्यंत ते विजेच्या खांबांवरून येतं. तिथून पुढे खांब संपतात आणि माड सुरू होतात. शेजाऱ्यांच्या माडावरून आमच्या माडावर, तिथून फणसावर, फणसावरून पडवीत. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो आणि त्यातून माझी मीटिंग चालते, हे विज्ञान मला नीट माहीत आहे. पण त्याच तंतूला लटकून केलडी, म्हणजे माकडं, या माडावरून त्या माडावर जातात, हे विज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. केबल तुटली की पडवीतल्या डब्यावर लाल दिवा लागतो. दिव्याखाली 'लॉस' लिहिलेलं असतं. ते 'लॉस ऑफ सिग्नल'चं लघुरूप आहे, पण वाडीत सगळे ते मराठीतल्या 'लॉस'सारखंच वापरतात: "आमच्याकडे कालपासून लॉस आहे."

मग केबलवाल्याला फोन. तो तिशीच्या आतला पोरगा आहे. मोटरसायकलवरून येतो, गडग्यावर म्हणजे दगडी बांधावर बसतो, मांडीवर स्प्लायसिंग मशीन ठेवतो. तुटलेली दोन टोकं समोरासमोर धरून ते यंत्र विजेची ठिणगी पाडतं आणि काचेला काच वितळवून जोडतं. "काय झालं होतं?" म्हणून विचारलं तर तो वर न बघता सांगतो, "केलड्यान हिंदोळो घेतल्यान, ताई." जगातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीने बिघाडाचा इतका सरळ खुलासा आजवर केलेला नाही.

राहिला पावसाळा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. नेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकांना तुम्ही लोक 'क्लाउड' म्हणता, त्याचं भाषांतर आमच्याकडे करायची सोय नाही, कारण ढग आले की क्लाउड जातो. त्यात आई. लांब कुठे तरी, बहुधा आंबोलीच्या बाजूला, एकदा गुरगुरलं की ती म्हणते, "गडगडता हा, ता पयला काढ." 'ता' म्हणजे राउटरचा प्लग. पूर्वी ती टीव्हीचा काढायची, त्याआधी आजी रेडिओचा काढायची. मी एकदा सांगून बघितलं की समोर क्लायंट आहे. आईने क्लायंटच्या देखत प्लग काढला. दुसऱ्या दिवशी क्लायंटने विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हटलं, "सुरक्षेच्या कारणास्तव नियोजित खंड." त्याचं समाधान झालं. हीच भाषा त्यालाही रोज वापरावी लागते.

आता माझी खरी तक्रार. 'तिथे नेट येतं का' या प्रश्नात एक गृहीत दडलेलं असतं की नेट जाणं हा कोकणचा आजार आहे आणि तुमच्याकडची मंडळी त्यातून बरी झाली आहेत. तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, तेव्हा थोडं त्यातलं सांगते.

२० ऑक्टोबर २०२५, आमचा चावदीस. म्हणजे तुमची नरकचतुर्दशी. पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून झालं होतं, शेजारपाजारच्यांचे फोव, म्हणजे पोहे, खाऊन पोटं टम्म झाली होती आणि दुपारी मी पडवीत लवंडले होते. तेवढ्यात अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवा कोसळल्या आणि त्यांच्यावर बसलेली निम्मी दुनिया हेलपाटली. कारण काय, तर नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत दोन स्वयंचलित कारकून एकाच वहीत लिहीत होते. एक रेंगाळला, दुसरा पुढे गेला आणि त्या घोळात पत्त्याचं पान कोरंच राहिलं. घर जागेवर होतं, दिवे चालू होते, फक्त पत्ता कोणालाच सांगता येईना. त्या दिवशी अमेरिकेत काही लोकांच्या गाद्यासुद्धा बिघडल्या. नेटवरून थंड-गरम होणारी, पाठ वर-खाली करणारी गादी निघाली आहे. नेट गेल्यावर काहींची गरम होत राहिली, काहींची पाठ उचललेलीच राहिली. मी आईला वाचून दाखवलं. ती चिवडा परतत होती. म्हणाली, "गादयेक नेट कित्याक होया?"

गादीला नेट कशाला हवं, यावर मी खूप विचार केला. नव्या बातमीतल्या कुठल्याही वस्तूपुढे हा प्रश्न लावून बघा, दहापैकी आठ वेळा उत्तर येत नाही. फ्रिजला? नळाला? दात घासायच्या ब्रशला? आमची गोधडी आजीच्या नऊवारीची आहे आणि तिचा एकही अपडेट आजवर आलेला नाही.

अपडेटवरून आठवलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विमानतळ थांबले. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. लोकांनी त्यांचे फोटो कौतुकाने टाकले, जणू काही ताम्रपट सापडला. मला मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. एवढी अवाढव्य यंत्रणा, पण ती दुरुस्त कशी झाली? बऱ्याच ठिकाणी माणूस चालत त्या संगणकापाशी गेला, तो सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरताच, चालू केला आणि एक फाइल खोडली. मग पुढचा संगणक. मग त्याच्या पुढचा. हेही आईला सांगितलं, कारण त्या दिवशी आमच्याकडे नेट नव्हतंच आणि बोलायला दुसरं कोणी नव्हतं. बातमी मला फोनवरून पुण्याच्या मैत्रिणीने दिली होती. आई म्हणाली, "म्हणजे कुलपान चोराक पण भायर ठेवल्यान आणि घरच्यांका पण."

त्याही आधी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम मिळून सहाएक तास गायब होते. तेव्हा तर त्यांच्याच लोकांना इमारतीत शिरणं अवघड झालं, कारण दाराची कुलपंही त्याच जाळ्यावर होती. आमच्या वाडीत ती रात्र फार शांत गेली. रात्रीचे गुलाबाच्या फुलांचे शुभरात्री एकदम सकाळी पोचले, एवढंच.

जाळं म्हटलं की मला आमच्या खालच्या वाडीतले काका आठवतात. त्यांचा जन्म रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यात, गेला. नेट म्हणजे त्यांच्या लेखी जाळंच, दुसरा अर्थ त्यांना ऐच्छिक वाटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंत नेट मंदावलं, तेव्हा मी त्यांना किनाऱ्यावर उभ्या उभ्या समजावलं. देशादेशांमधलं ९५ टक्क्यांहून जास्त नेट उपग्रहातून नाही, समुद्राच्या तळावरच्या केबलीतून जातं. खोल समुद्रात त्या बागेतल्या पाण्याच्या नळीएवढ्याच जाड असतात. आपल्याकडे त्यातल्या बऱ्याच मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यातले बहुतेक जहाजांच्या नांगरांनी आणि मासेमारीनेच होतात.

शेवटचं वाक्य मी जरा हळू आवाजात म्हटलं. काकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "आमचा नेट रोज फाटता. आमी रोज बसान शिवताव. तेंच्याकडे शिवणारो कोण नाय?"

आहे ना. त्यासाठी खास जहाजं असतात. तुटलेल्या जागेच्या आसपास जाऊन ती तळाला लोखंडी गळ सोडतात, ओढत ओढत केबल अडकवतात, वर घेतात. मग डेकवर कोणीतरी मान खाली घालून काचेला काच जोडतं, मोटरसायकलवाल्या आमच्या पोरासारखंच, फक्त त्याचा गडगा हलता असतो. गळाचं ऐकल्यावर काका खूश झाले. त्यांच्या नजरेत इंटरनेटची पत एकदम वाढली. "म्हणजे धंदो आमचोच," म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, उपग्रह येतोय की! नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. त्या बातम्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव ही नावं होती. आम्ही नव्हतो. याचं मला खरंच वाईट वाटलं नाही, गरज त्यांची मोठी आहे. पण चार जणांनी मला ती बातमी पाठवून "आता तुमचा प्रश्न सुटला" असं लिहिलं, म्हणून सांगते. ते उपग्रह पाच-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून बोलतात आणि ज्या लहरींवर बोलतात त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. म्हणजे पुन्हा मध्ये ढगच. आणि छपरावर तबकडी बसवली तरी आई तिचा प्लग काढणारच.

मध्येच एक आंब्याची गोष्ट, राहवत नाही म्हणून. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामात हापूसवर वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले. दुसरीकडचा आंबा 'देवगड' म्हणून खपवतात त्याला आळा बसावा म्हणून, आणि कल्पना चांगलीच आहे. फळावरचा क्रमांक मोबाइलवरून पाठवायचा की आंबा खरा का ते कळतं. झालं असं की आंबा आमच्याकडे आहे आणि रेंज तुमच्याकडे. त्यामुळे खरा हापूस पिकतो इथे आणि तो खरा असल्याचं कळतं कोथरूडला.

गेल्या गणपतीत ठाण्याचा भाचा आला होता. मोदकाची उकड कशी काढायची ते तो चॅटजीपीटीला विचारत होता, तेही 'प्लीज' आणि 'थँक यू' लावून. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमन एप्रिल २०२५ मध्ये म्हणाले होते की लोकांच्या या सौजन्यापायी कंपनीचे कोट्यवधी डॉलर विजेवर जातात. मला वाटतं त्यांनी त्यांचं यंत्र मालवणीवर वाढवायला हवं होतं. आमच्याकडे आभार मानायची चाल नाही. फार आवडलं तर 'बरा' म्हणतात, त्याहून आवडलं तर 'मेल्या' म्हणतात. खर्च निम्म्यावर येईल. चॅटजीपीटीने भाच्याला तांदळाचं पीठ आणि पाण्याचं प्रमाण सांगितलं, ते बरोबरही होतं. आई बाजूला बसून ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "तांदूळ नवो की जुनो, ता इचारल्यान?" नव्हतं विचारलं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा वाडीत नऊ दिवस लाइट नव्हती. फोनच्या टॉवरचंही डिझेल संपलं. मी ऑफिसला कळवायला एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत सतरा माड आडवे मोजले. दहाव्या दिवशी खांबावर चढलेल्या वायरमनला वाडीने खालून नारळ दिले, शहाळी दिली, कोणी तर कोंबडी देऊ केली. तुमचं ते व्हर्जिनिया पूर्ववत झालं तेव्हा कोणी कोणाला काही नेऊन दिल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. द्यायचं कोणाला? पत्ताच कोरा.

तेव्हा यंदा गणपतीला येणार असाल तर खुशाल या. वायफायचा पासवर्ड पडवीत देवाच्या फोटोमागे खडूने लिहिला आहे. लॉस लागला असेल तर मोबाइलची रेंज बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, काठावर येते, पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं तर दोन दांड्या. फक्त उभं राहताना एकदा वर बघा. तिथला माड फार धरलेला आहे, आणि नारळ पाडणारा पाडपी अजून आलेला नाही.