आईची मालिका, आमची मॅच आणि गच्चीवरचा लिंबाएवढा गोळा

आधीच सांगतो, घरात डिशच्या एका छत्रीवर दोन सेट टॉप बॉक्स असतील आणि कंपनीचा माणूस येऊन "सर सिग्नल ओके आहे, ओटीपी सांगा" म्हणाला तर ओटीपी देऊ नका, निदान संध्याकाळी दोन्ही टीव्ही लावून बघेपर्यंत तरी. ओटीपी दिला की तक्रार बंद, मग नवीन तक्रार, नवीन नंबर आणि परत "बॉक्स दोन मिनिटं बंद करून चालू करा"पासून श्रीगणेशा. मी तीन वेळा दिलाय.

आम्ही भांडुपला, चार माळ्यांची जुनी बिल्डिंग, आमचा तिसरा माळा. एक टीव्ही हॉलमध्ये, एक आईच्या खोलीत. सात वर्षं काही त्रास नाही. मे महिन्यात सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं, सगळ्यांच्या छत्र्या उचलून पाण्याच्या टाकीमागे रचल्या आणि काम झाल्यावर ज्याने त्याने आपापला माणूस बोलावून बसवून घेतली. आमच्याकडे आला त्याने अर्ध्या तासात बसवली, दोन्ही टीव्हीवर एकच चॅनल लावून दाखवलं, पैसे घेतले, गेला. हे "एकच चॅनल" लक्षात ठेवा.

जूनमध्ये आईच्या टीव्हीवर संध्याकाळी 'नो सिग्नल' यायला लागलं. आई पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "तुमची मॅच लागली की माझी मालिका जाते." आम्ही हसलो. टीव्हीला काय कळतंय हॉलमध्ये कोण काय बघतंय!

कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणाल्या पाऊस आहे का तुमच्याकडे? मुंबईत जूनमध्ये पाऊस आहे का! आता जोराच्या सरीत डिशचा सिग्नल जातो हे खरंच आहे, त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, पण सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत परत येतो, आणि गेला तर दोन्ही टीव्हींचा जाईल ना, एकट्या आईचा कसा जाईल. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी परत बॉक्स बंद-चालू करायला सांगितलं.

पहिला माणूस आला सकाळी अकराला. आईचा टीव्ही लावला, मालिकेचं चॅनल मस्त चालू. ओटीपी. संध्याकाळी परत गेलं. दुसरा आला दुपारी, म्हणाला केबल ढिली आहे, बॉक्समागचा कनेक्टर बदलला, 250 रुपये व्हिजिटचे, ओटीपी. संध्याकाळी गेलं. तिसरा गच्चीवर जायचं म्हणाला तर चावी सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला, तो खालूनच मीटर लावून म्हणाला सिग्नल फुल आहे, टीव्ही बदला. टीव्ही बदला! आईला तर वाटायला लागलं की आपल्यालाच रिमोट नीट वापरता येत नाही, ती मला विचारून बटण दाबायला लागली, मला त्याचाच जास्त राग आला. प्रत्येक वेळी रात्री मेसेज, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.

मग मीच बसलो. सगळे दिवसा येत होते आणि दिवसा सगळं चालत होतं, का? तर आम्ही दोघं ऑफिसला निघताना हॉलचा बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद करतो. संध्याकाळी तो चालू असतो. नुसता रिमोटने बंद केला तर बॉक्स आतून चालूच राहतो, ते बंद धरू नका.

रविवारी आईला कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहायला बसवलं, हॉलमध्ये मी एकेक चॅनल लावायचं आणि तिने आपलं राहिलं की गेलं ते लिहायचं. क्रिकेट लावलं, गेलं. बातम्या, राहिलं. उलटंही केलं, आईने तिचं कीर्तनाचं चॅनल लावलं तर हॉलमधल्या बातम्या गेल्या! म्हणजे बॉक्स दोन्ही चांगले होते, भांडण केबलमध्ये होतं.

कारण असं. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा असतो त्याला करंट बॉक्सच पुरवतो केबलमधूनच. 13 व्होल्ट दिले की उभ्या लहरींची चॅनल्स मिळतात, 18 दिले की आडव्या. चॅनल बदललं की बॉक्स गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलतो. म्हणून दोन बॉक्सना एलएनबीची दोन वेगळी तोंडं आणि दोन वेगळ्या केबल लागतात. एकाच केबलला स्प्लिटर, म्हणजे एकीच्या दोन केबल करणारा जोड लावून दोन बॉक्स जोडले की 18 वाला जिंकतो आणि 13 वाल्याचं चित्र जातं. दोन्हीकडे एकच चॅनल असेल तर व्होल्टेजही एकच, म्हणून मेमध्ये सगळं ठीक दिसलं. साध्या केबल टीव्हीत स्प्लिटर चालायचा, इथे नाही चालत. ओळखायचं असेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या असतात, आमच्याकडे चित्र गेलं की स्ट्रेंथ छान आणि क्वालिटी शून्य. दोन्ही शून्य असतील तर आधी केबल किंवा एलएनबी बघायचा.

सेक्रेटरी आले, चावी मिळाली. टाकीच्या पाइपला काळ्या टेपचा लिंबाएवढा गोळा बांधलेला. सोलला तर आत स्प्लिटर, आणि आमची दुसरी केबल टाकीमागे कापून पडलेली, टोकाला मधल्या तारेभोवतीची जाळी पाण्याने काळी पडलेली. एलएनबीचं दुसरं तोंड उघडंच. म्हणजे मेमध्ये आलेल्या त्या महाशयांनी नवीन केबल ओढायचा कंटाळा केला, बस.

स्टेशनजवळून आरजी-सिक्स केबल आणि कनेक्टर आणले, ओढून द्यायला बिल्डिंगमधला इलेक्ट्रिशियन. छत्रीला हात लावला नाही, ती जराशी हलली तरी सिग्नल जातो. केबल कापायच्या आधी दोन्ही बॉक्स भिंतीवरून बंद करा, मधली तार जाळीला टेकली तर बॉक्स जाऊ शकतो. आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ ठेवा, पाणी तिथून गळून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. पावसात गच्चीवर चढू नका, आम्ही उघडीप बघून गेलो.

खाली आलो तर आई म्हणाली, "आता लाव तुझी मॅच." लावली. तिची मालिका चालूच राहिली. ती काही बोलली नाही, फक्त आवाज वाढवला.

हां, एक राहिलं. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो, तेव्हा भरदिवसा काही मिनिटं चित्र जातं आणि आपोआप येतं, त्यासाठी फोन करू नका, परत 250 जातील. आईला सांगून ठेवलंय. तिने कॅलेंडरवर लिहून पण ठेवलंय.